वखारीतला चौक

आमच्यात आधी संसार होतो आणि लगीन सवडीनं लागतं. हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत किंवा सासरी उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, म्हणून मी ते वीस वर्षं उच्चारलंच नाही. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, दोन्हीकडच्यांनी मान डोलावली, की पोरगी त्याच्याकडे राहायला जाते. मांडव, गावजेवण, वाजंत्री, ताडी हे सगळं जमलं की मग लगीन. कुणाचं दोन वर्षांत जमतं, कुणाचं नातवंडं मांडीवर घेऊन. तोवर तिला कुणी कमी लेखत नाही. ती त्याची बायकोच असते, फक्त लगीन राहिलेलं असतं.

माझ्या आईबापाचं राहिलं होतं.

गंमत अशी की आमच्या गावाच्या, जामसरच्या आसपास ज्या घरी लगीन असेल तिथं आईला बोलावणं ठरलेलं. आमच्याकडे लग्नघराच्या आतल्या भिंतीला शेणाचा हात देतात, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठानं चौक काढतात. चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या, आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, आणि सगळ्यात शेवटी मधोमध देवी. चौक सवाष्णींनीच काढायचा. आणि देवी एकदा चौकात बसवली की त्या भिंतीसमोर लगीन लागलंच पाहिजे, नाहीतर ती रुसते. ज्याला आता सगळं जग वारली चित्र म्हणून उशीच्या खोळीवर छापतं, ते मूळचं हे. आईच्या हाताला जी सरळ रेघ होती ती पट्टी लावून माझ्या वर्गातल्या पोरांना जमत नाही. शंभर घरच्या भिंती तिनं सजवल्या, स्वतःची कोरी ठेवून.

आता दोष कुणाचा ते सांगते. रीतीप्रमाणे आईबापाचं लगीन आधी, मग लेकरांचं. मी नोकरीला लागले, बरोबरच्याच एका शिक्षकाशी लग्न ठरवलं आणि ही रीत सरळ गुंडाळून ठेवली. माझं लग्न हॉलमध्ये झालं. भटजी, मंगलाष्टका, गुलाबजाम, सगळं. आई आणि बा नवे कपडे घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आल्यासारखे. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात तुमचं लावून टाकू. मग घराचे पत्रे आले, मग माझी मुलगी झाली, मग बदली, मग निवडणुकीची ड्युटी. कारणांना काय तोटा! खरं कारण एकच होतं. साठीच्या बापाला हळद लागलेली आमच्या मुख्याध्यापक बाईंनी बघावी, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांनी पदराआड हसावं, हे मला सोसवणार नव्हतं. लाज वाटत होती मला. झालं, बोलले एकदाची.

मागच्या पावसाळ्यात बाला ताप आला. दोन दिवस अंथरुणाला खिळला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आईनं घासून ठेवलेली बांबूची काडी चुलीत घातली आणि पुन्हा कुठल्या भिंतीला हात लावला नाही. विधवेनं चौक काढायचा नसतो, त्यामुळे कुणी तिला बोलवायलाही आलं नाही.

जव्हारला पाहुणे येतात ते शिरपामाळ बघतात, वाऱ्यात केस सांभाळत फोटो काढतात आणि परतताना कधीकधी आमच्या शाळेच्या भिंतीशी थांबतात. त्या भिंतीवर आईनं पूर्वी काढलेला तारपा वाजवणारा आहे, भोवती नाचणारी माणसं आहेत. एका रविवारी अशीच एक मुलगी थांबली. तिशीच्या आतली, केस पोरासारखे कापलेले, बोलणं मात्र गोड. कुणाकुणाला विचारत ती थेट आमच्या दारात आली. मुंबईत ती एक जागा चालवते म्हणाली, रोज संध्याकाळी तिथं गाणी, नाटक, कवितावाचन असतं, खाणंपिणं असतं. "पिणं" हा शब्द तिनं जरा हळू उच्चारला. स्टेजच्या मागच्या भिंतीवर तिला चौक हवा होता.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "चौक म्हणजे पडदा नव्हे, ताई. लगीन असल्याशिवाय काढत नाहीत. आणि माझे वडील गेलेत, आई आता काढणार नाही. विषय संपला."

मुलगी बिचारी एवढीशी झाली. "सॉरी मॅडम, मला माहीत नव्हतं. आमची जागा म्हणजे पूर्वी धान्याची वखार होती. तिथं काम करणारी बरीच माणसं तुमच्या बाजूची होती असं ऐकलं, म्हणून वाटलं," असं म्हणून तिनं त्या भागाचं नाव घेतलं.

आई दाराशी बसून सुपात वरई पाखडत होती. सूप थांबलं. "कोणती वखार गं? नळासमोरची?"

"नळ आता नाही मावशी. समोर पिंपळ आहे मोठा."

"तीच," आई म्हणाली. "येते मी. चौक काढीन."

मुलगी गेल्यावर मी आईवर तोंड सोडलं. लोक काय म्हणतील, देवीला काय वाटेल, सगळं बोलून घेतलं. आई शांतपणे खडे वेचत म्हणाली, "मी तुझ्या बाच्या घरी नंतर गेले, बाय. आमचा संसार तठंच लागला. वखारीच्या मागं, पत्र्याच्या पडवीत."

हे मला ऐकून माहीत होतं, पण आठवत होतं ते एवढंच की मी पोत्यांच्या थप्पीवर झोपायची आणि केसांत भुसा जायचा. भात कापून झालं की आमच्याकडची माणसं तिकडे जात आणि पाऊस तोंडावर आला की परतत. बा पोती वाहायचा. आई फाटलेली पोती शिवायची, सांडलेलं धान्य झाडून गोळा करायची. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा आई मला घेऊन कायमची जामसरला आली. पुढं त्या भागातले कारखाने बंद झाले, वखारी ओस पडल्या, आणि बानंही ते गाव सोडलं.

त्या मुंबईच्या मुलीनं गाडी पाठवली होती. विक्रमगड, मनोर, मग हायवे. आईनं एका पिशवीत तांदळाचं पीठ, गेरू आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेतलं होतं. मला वाटलं काड्यांसाठी बांबू असेल. वखारीच्या दारात मात्र पिशव्या तपासायचं यंत्र! ते केकाटलं. वॉचमननं लुगडं उलगडलं, तर आत बाचा कोयता. आयुष्यभर त्याच्या कमरेला असायचा तो.

"ये क्या है अम्मा?" वॉचमन दोन पावलं मागं सरला.

"मेरा मरद है," आई म्हणाली. पोती शिवताना शिकलेलं हिंदी तिला अजून येतं.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्यात नवरदेव वेळेवर पोचला नाही तर त्याच्या कोयत्याला हळद लावून सुरुवात करून ठेवल्याचं मी लहानपणी पाहिलं होतं. आई चौक काढायला आली नव्हती. ती लगीन करायला आली होती.

मी तिला बाजूला घेतलं. "आई, बा नाही आता."

"मला सांगतेस होय?" एवढंच म्हणून ती आत गेली. मुलीनं धावत येऊन वॉचमनची समजूत घातली, कोयता काड्या तासायला लागतो म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

त्या जागेवर चिडायचं असं मी घरून ठरवूनच आले होते आणि पहिला तासभर मनसोक्त चिडले. जिथं पोत्यांच्या थप्प्या होत्या तिथं चित्रांचं प्रदर्शन. जिथं हमाल चहा प्यायचे तिथं दिव्यांच्या माळा आणि उंच स्टुलं. जेवणाच्या कार्डावर नाचणीची भाकरी होती आणि तिला असं काही नाव दिलं होतं की नाचणीनंही ओळखलं नसतं. एका भिंतीवर पोती वाहणाऱ्या माणसांचे जुने फोटो टांगले होते. मी एकेक चेहरा निरखून पाहिला. बा कुठंच नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

आईला मात्र कशाचाच राग येईना. ती आ वासून बघत होती. संध्याकाळी पोरापोरींची गर्दी झाली, कुणी गिटार वाजवायला लागलं, तशी मला कोपर मारून म्हणाली, "पोरी बघ कशा एकट्यादुकट्या फिरतात! मला दिवस मावळला की कडी लावून बसायला लागायचं. तुझा बा येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. बरं झालं, दिवे लागले." खरंच होतं ते.

भिंत गुळगुळीत, महागड्या रंगाची. आई म्हणाली, शेण पाहिजे. मुलीनं "ओके" म्हटलं आणि स्वतः रिक्षानं कुठल्याशा तबेल्यात जाऊन बादलीभर शेण घेऊन आली. रिक्षावाल्यानं वाटेत दोनदा उतरवायचा प्रयत्न केला म्हणे. मी आणि ती, दोघींनी मिळून भिंत सारवली. तिची ती रंगवलेली लांब नखं शेणात बरबटलेली पाहिली आणि माझा अर्धा राग तिथंच उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भिंतीसमोर बसली. काडीचं टोक चावून तिचा कुंचला केला, पिठात बुडवला आणि पहिली रेघ ओढली. वाकडी गेली. आईची रेघ वाकडी! मी तोंड फिरवून घेतलं. थोड्या वेळानं पाहिलं तर तिनं त्या वाकड्या रेघेला पानं काढून तिची वेल केली होती आणि पुढं निघाली होती. त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्ट्या झाल्या, सूर्य-चंद्र झाले, शिडी, फणी, ताडाची झाडं, ताडावर चढणारा माणूस. मधली जागा तेवढी लाल राहिली.

त्या संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम होता. मुलगी भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे मधलं रिकामं ठेवलंत, किती छान दिसतंय. राहू दे असंच."

"रिकामं नाही ते," आई म्हणाली. "देवी यायचीय. ती आली की लगीन लावायला लागतं."

"कुणाचं?"

"माझं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. फक्त माझ्या लाजेचं तेवढं गाळलं. ती ऐकता ऐकता खाली फरशीवर बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग आज लावू या. लोक यायच्या वेळेलाच. गाणी नंतर होतील."

माझा भडका उडाला. "लोकांसमोर? हातात ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर माझ्या आईचं लगीन? तमाशा वाटला की काय तुम्हाला?"

"ओरडू नको तिच्यावर," आई म्हणाली. "लगीन लोकांसमोरच लागतं, बाय. कुणी बघायलाच नसलं तर ते लगीन कसलं? मांडवात आला तो पाहुणा."

वीस वर्षं मी याच लोकांच्या नजरेला घाबरले होते. आणि आईला नेमके तेच हवे होते.

राहता राहिली लगीन लावणारी. आमच्यात भटजी नसतो, धवलेरी असते. ती बाई गाणी गाऊन लगीन लावते. माझी मावशी धवलेरी आहे, पण ती सूर्यमाळला. तिला रेंजसाठी पाड्याबाहेर टाकीजवळच्या दगडावर चढावं लागतं. मी फोन लावला. चौथ्यांदा लागला.

"लगीन लावायचंय," आईनं फोन हिसकावून घेतला.

"कुणाचं गं?"

"माझं. वखारीत."

मग मावशीचा आवाज आला. "आणि नवरा?"

"आणलाय."

"वरातीमागून घोडं गं बाई तुझं!" मावशी हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला. नाक शिंकरून म्हणाली, "थांब. दगडावर नीट बसते. हळद काढून ठेव."

तिथल्या साउंडवाल्यानं माझा फोन एका वायरीला जोडला. हळद स्वयंपाकघरातून आली, अक्षतांना तिथलाच बासमती. आईनं काडी उचलली आणि बघता बघता चौकात देवी उभी केली. या वेळी एकही रेघ वाकडी गेली नाही. मग ती चौकासमोर पाटावर बसली आणि शेजारच्या पाटावर तिनं कोयता ठेवला.

माणसं यायला लागली होती. नेहमीसारखी हसतखिदळत आत शिरत होती आणि समोरचं बघून जागीच थबकत होती. मुलीनं माईकवर दोनच वाक्यं सांगितली. या मावशी आणि त्यांचे यजमान या वखारीत काम करायचे. आज त्यांचं लग्न आहे. बस्स. पुढं कुणी काही सांगितलं नाही, पण एकानं ग्लास टेबलावर ठेवला, मग दुसऱ्यानं, आणि हळूहळू सगळी खाली फरशीवर बसली.

मावशीनं गायला सुरुवात केली. सूर्यमाळच्या दगडावरचा तो म्हातारा, खरखरीत आवाज त्या मोठ्या पेट्यांतून वखारभर भरून राहिला. मागं वारा ऐकू येत होता, एक कुत्रंही भुंकत होतं. गाण्यात तिनं देवांना बोलावलं, डोंगराला बोलावलं, झाडांना बोलावलं, मग बाचं नाव घेतलं आणि आईचं नाव घेतलं. मधेच आवाज तुटला. दोन मिनिटांनी तिचाच फोन आला. "मेली रेंज! कुठवर आलं होतं?" तेव्हा तिथं जे हसू उसळलं ते आमच्याकडच्या मांडवात उसळतं तस्संच होतं. आई पण तोंडावर पदर धरून हसली, नवरीसारखी.

हळद लावायला कुणी पुढं येईना. विधवेला हळद कोण लावणार? मी उठले. आधी कोयत्याला लावली. मग आईच्या गालांना, हातांना, तळपायांना. तिच्या अंगाला मी असा हात कधी लावला होता ते मला आठवेना. अक्षता पडल्या, कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या. मला कुणाचीही लाज वाटली नाही. रडू मात्र खूप आलं.

नंतर गाणी सुरू झाली आणि आई मला मागच्या बाजूला घेऊन गेली. पत्र्याची पडवी होती तिथं आता बसायला सिमेंटच्या पायऱ्या केल्यात. ती एका पायरीवर टेकली, कोयता मांडीवर. हळद तशीच होती.

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, माझ्यामुळं राहिलं हे. ड्युटी, बदली, सगळं खोटं होतं. मला लाज वाटायची तुमची."

"ठाऊक हाय."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दर उन्हाळ्यात तुझा बा विचारायचा, पोरगी काय म्हणते, यंदा लावायचं का? तुला आपली लाज वाटते हे त्याला कसं सांगायचं? तू म्हणजे त्याचा जीव. मग मीच सांगायचे, मला नको आता. या वयात कसली हळद, मला नाही हौस." आईनं कोयत्याच्या मुठीवरची हळद बोटानं सारखी केली. "शेवटच्या तापात मला म्हणाला, 'तुला माझ्याशी लगीनच करायचं नव्हतं, नाय गं?' मी बोलायच्या आधी त्याची शुद्ध गेली ती गेलीच."

मी तिचे पाय धरले. "मग?" मी म्हटलं.

"मग काय?" आई म्हणाली. "आज सांगितलं त्याला."